पोलिओ गेला, तरी डोस कशासाठी?

लसीकरणाच्या दिवशी आमच्या बालरोग विभागात येणारे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "पोलिओ देशातून गेला, मग आता डोस कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. आजच्या तरुण आईवडिलांनी कॅलिपर लावून चालणारे समवयस्क मूल क्वचितच पाहिले असेल. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख अहवालात समाविष्ट करीत आहोत.

पोलिओचा विषाणू दूषित पाणी, अन्न वा हातांद्वारे तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि मलावाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या सुमारे दोनशेंपैकी एखाद्यालाच कायमचे लुळेपण येते. बहुतेकांना काहीच होत नाही, काहींना किरकोळ ताप येतो. म्हणजे वस्तीत एक लुळा पाय दिसतो, तेव्हा विषाणू शेकडो जणांच्या आतड्यांतून फिरून गेलेला असतो. लुळे पडलेल्यांपैकी शंभरांत पाच ते दहा रुग्ण श्वसनाचे स्नायू निकामी होऊन दगावतात. या आजारावर औषध नाही. व्यायाम, कॅलिपर आणि शस्त्रक्रिया यांनी आधार मिळतो, गेलेली शक्ती परत येत नाही.

जुन्या पिढीतील मंडळी सांगतात, "तापात सुई टोचली आणि पाय गेला." हा निव्वळ गैरसमज नव्हे. विषाणूची लागण झालेली असताना स्नायूत इंजेक्शन दिले गेल्यास त्याच अवयवात लुळेपण येण्याचा संभव वाढतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. मूळ कारण विषाणूच. परंतु साध्या तापात दिलेल्या अनावश्यक सुयांनी त्यात भर घातली. त्या आठवणीपोटी एखादी आजी नातवाच्या लसीलाही विरोध करते, तेव्हा आम्ही तिला दटावत नाही. लसीने विषाणूलाच अटकाव होतो, हे शांतपणे समजावतो.

देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. २००९ मध्येही भारतात ७४१ रुग्ण आढळले होते. निसर्गतः आढळणाऱ्या विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. करंगळीवर शाईची खूण करीत दारोदार हिंडलेल्या अंगणवाडी सेविका, आशा आणि स्वयंसेवक यांचे हे श्रेय आहे.

मात्र पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप ठाण मांडून आहे. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात संरक्षण निर्माण करतो, हे त्याचे मोठे सामर्थ्य. पण जेथे अनेक मुले लसीविना राहतात, तेथे हा दुर्बल विषाणू दीर्घकाळ फिरत राहून पुन्हा घातक रूप धारण करू शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण अशा विषाणूमुळे लुळा पडला. २०२४ मध्ये गाझामधील दहा महिन्यांच्या बालकावर तीच वेळ आली. दोन्ही ठिकाणी विषाणू दुसऱ्या प्रकारचा होता.

म्हणूनच थेंबांबरोबर इंजेक्शनही दिले जाते. एप्रिल २०१६ पासून आपल्याकडील थेंबांत पहिल्या व तिसऱ्या प्रकाराचाच अंतर्भाव आहे. त्यानंतर जन्मलेल्या बालकांना दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळते ते इंजेक्शनातूनच. त्यात मृत विषाणू असल्याने त्यापासून आजार होण्याची भीती नाही. सरकारी वेळापत्रकानुसार थेंब जन्मतः, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाचे असतात. इंजेक्शन सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत दिले जाते. जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यातील तिसऱ्या मात्रेची त्यात भर पडली आहे. मोहिमेच्या रविवारचे डोस हे या मात्रांव्यतिरिक्त आहेत, त्यांऐवजी नव्हेत. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत ते प्रत्येक वेळी द्यावेत.

प्रौढांविषयी थोडेसे. बालपणी लस पूर्ण घेतलेल्या व्यक्तीला सहसा पुन्हा लस लागत नाही. परंतु पोलिओग्रस्त देशांत नोकरी, शिक्षण वा यात्रेसाठी जाणाऱ्यांनी निदान चार आठवडे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांनी लस कधीच घेतली नाही, त्यांनी इंजेक्शनाच्या मात्रा पूर्ण कराव्यात. मोठेपणी हा आजार झाल्यास तो लहानपणापेक्षा अधिक जीवघेणा ठरतो. बालपणी पोलिओ झालेल्या काहींना अनेक वर्षांनंतर नव्याने अशक्तपणा आणि स्नायुदुखी जाणवू लागते. त्यांनी ती वयाची देणगी समजून अंगावर काढू नये.

देशातील प्रहरा अजून उठलेला नाही. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून या विषाणूसाठी तपासले जात आहेत. पंधरा वर्षांखालील कोणाही मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटो, त्यास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. अशा मुलाच्या शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने, लक्षण दिसल्यापासून चौदा दिवसांच्या आत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात.