ड्रिल मशीनवर हातमोजे का घालत नाहीत?

वर्कशॉपच्या रील्समध्ये उघड्या हातांनी ड्रिल चालवणारा कारागीर दिसला की खाली कमेंट ठरलेली, "ग्लोव्हज कुठेत?" पण ड्रिल आणि लेथवर ग्लोव्हज न घालणं हाच सुरक्षेचा नियम आहे. असं का?

मशीन कापड ओढून घेतं

१,००० आरपीएमवर चालणारं स्टँड ड्रिल सेकंदाला १६ पेक्षा जास्त फेरे घेतं. धोका जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चार फेरे झालेले असतात. मोज्याचा धागा बिटमध्ये अडकला, की मोजा गुंडाळला जातो आणि सोबत बोटंही. बिट उघड्या हाताला लागलं तर जखम होते, मोज्यासकट ओढलेलं बोट मात्र तुटूही शकतं. अंगठी, कडं, सैल बाही, ओढणी यांचाही धोका तोच. १९४८ च्या कारखाने कायद्यातही चालू यंत्राची तपासणी किंवा ऑइलिंग करणाऱ्यासाठी घट्ट बसणाऱ्या कपड्यांची अट होती.

म्हणून जॉब हातात न धरता वाइसमध्ये पकडा. चिप्स मशीन थांबल्यावर ब्रशने काढा.

मग हातमोजे कधी?

धारदार पत्रा उचलताना आणि वेल्डिंग करताना. ड्रिल सुरू करण्याआधी मात्र ते काढून ठेवा.

भट्टीजवळ काळ्या लोखंडाला घाबरा

तापलेलं लोखंड साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे लालसर दिसू लागतं. ४०० अंशांवरचा तुकडा थंड तुकड्यासारखाच काळा दिसतो. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही, फसवतं ते काळं. त्यामुळे भट्टीजवळचा प्रत्येक तुकडा गरम समजून सांडशीनेच उचला. इथे ओला मोजाही घातक, कारण त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. सिंथेटिक मोजा तर वितळून कातडीला चिकटतो.

अपघात झालाच तर?

• भाजलं तर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नका.

• बोट तुटलं तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवल्यास पेशी खराब होतात आणि बोट पुन्हा जोडणं अवघड होतं. लगेच हॉस्पिटल गाठा.