सुट्टीचा बेत आणि पावसाचे वेळापत्रक
(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडला नाही. माझे वडील माथेरानला घोड्याचा धंदा करतात. लोकांची सुट्टी तो आमचा सीझन. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात; तिथून पुढे पायी, घोड्यावर नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचे. त्यामुळे लोकांचे बेत कसे जमतात आणि कसे फसतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. कॉलेजात भूगोल विषय घेतला तेव्हा या पाहण्याची कारणे कळली. घरात हे पुस्तक वाचणारी मी पहिलीच, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

उंचीचे गणित सोपे आहे. हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर, माथेरान आठशेच्या आसपास. म्हणजे फरक सुमारे पाच अंशांचा. नेरळ स्टेशनात पारा ३८ वर असेल तर वर ३३. हिल स्टेशन म्हटले की पाहुण्यांना स्वेटर आठवतो. मे महिन्यात भर दुपारी माथेरानला स्वेटर घातलेला मनुष्य मी अजून पाहिलेला नाही, बॅगेतून वाहून आणणारे मात्र पुष्कळ पाहिले. आमच्याकडे जो गारवा वाटतो त्यात झाडांचा वाटा मोठा आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे हाच फरक नऊ अंशांच्या घरात जातो. उटी तर सव्वादोन हजार मीटरवर, म्हणून इतक्या दक्षिणेला असूनही मे महिन्यात थंड.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला, असे सांगतात. (ठाकर-कातकऱ्यांना हे रान हरवलेले नव्हतेच!) ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तो महिना मे होता. इंग्लंडात ऐन उन्हाळा म्हणजे जूनचा शेवट. तो हिशेब इथे चालवला असता तर साहेबाला छत्री घेऊन चढावे लागले असते. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. नेरळ ते अमन लॉज हा तिचा घाटातला भाग आजही पावसाळ्यात, साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद ठेवतात. वरची अमन लॉज ते माथेरान फेरी तेवढी चालू राहते. हे ठाऊक नसल्याने जुलैत नेरळला उतरून गाडीची चौकशी करणारी कुटुंबे दरवर्षी भेटतात.

आता पावसाकडे वळू, कारण खरा घोळ तिथेच आहे. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस १ जूनला केरळात, ११ जूनला मुंबईत, २७ जूनच्या सुमारास दिल्लीत पोचतो आणि ८ जुलैपर्यंत सारा देश व्यापतो. आमच्या कर्जत-खालापुरातला शेतकरी हेच नक्षत्रांच्या भाषेत सांगतो: २५ मेच्या सुमारास रोहिणी लागली की भाताचे बी राबात टाकायचे, ७-८ जूनला मृग लागला की आभाळाकडे बघायचे. पण सरासरी ही सरासरीच. २०२३ साली २५ जूनला मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे पाऊस एकाच दिवशी पोचला. तसे याआधी १९६१ मध्ये घडले होते. २०२५ साली तर २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत! पाऊणशे वर्षांत मुंबईत तो इतक्या लवकर आला नव्हता. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या वर्षाच्या कमाईतला मोठा घास. त्या वर्षी तो आठवडा धुऊन गेला, आणि माझी कॉलेजची फी दोन हप्त्यांत भरावी लागली.

आपला देश नावाला देश, पण हवेच्या दृष्टीने खंडच. पावसाळी वाऱ्यांच्या वाटेत डोंगराच्या कोणत्या अंगाला गाव आहे यावर सगळे ठरते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर पुण्याला सातशेच्या आसपास. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यामुळे आपण भिजत असतो तेव्हा ते लोक घामाघूम. लडाख हिमालयाच्या पलीकडे. लेहला वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणून जून-जुलैत जायचे असेल तर ते ठिकाण खरे. मात्र लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते. तीन दिवसांची सहल आखणाऱ्याने तिकडे जाऊ नये हे बरे. हिमालयाच्या अलीकडच्या अंगाचा भरवसा तेवढा नाही. २०१३ साली पावसाने नेहमीपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी, १६ जूनलाच, सारा देश व्यापला, आणि त्याच १६-१७ जूनला केदारनाथचा प्रलय झाला. यात्रेकरूंनी पंचांग पाहिले होते. पण पाऊस पंचांगाबाहेर होता.

अलीकडे वर्षासहलीची फार हौस आहे. धबधबे सुंदर असतात हे मी नाकारत नाही. पण वर डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढ्याला अचानक लोंढा येतो, हे शहरातून आलेल्यांना सांगूनही पटत नाही. बंदीचा फलक लागला की मंडळी फलकापाशीच फोटो काढतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या इर्शाळगडाखालची, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसांचा शोध थांबवावा लागला. ती माणसे सहलीला गेलेली नव्हती, आपापल्या घरात झोपली होती. त्यानंतर मुसळधार पावसाचा इशारा लागला की आमच्या घरी रात्री कोणी नीट झोपत नाही.

तेव्हा बेत आखणाऱ्याने गावाची उंची आणि डोंगराचे अंग आधी विचारावे, तारीख मागाहून ठरवावी. मेच्या शेवटी यायचे असेल तर आठवडाभराचा अंदाज पाहून निघावे, आणि एखादा दिवस मोकळा ठेवावा. माझे स्वतःचे मत विचाराल तर माथेरानला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात यावे. खाली कर्जतला ऑक्टोबरचे ऊन चटकत असते. वर झाडे धुतलेली, लाल वाटेवर अजून धूळ उठत नाही, घाटातली गाडी नुकतीच सुरू झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी लोटेपर्यंत घोडेवाल्यांनाही बोलायला वेळ असतो.