गंजलेला स्क्रू का हटत नाही?

धडगावच्या घाटात धुके उतरले, की पुढच्या जीपचा लाल दिवाच मागच्या चालकाला सावध करतो. तो बिघडला, की त्याची डबी काढावी लागते. पण अनेक पावसाळे पाहिलेला तिचा स्क्रू जागचा हलत नाही. असे का बरे होते?

लोखंडाचा पाणी व प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज बनतो. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आट्यांत पाचरीसारखा घट्ट बसतो. एकदम जोर लावाल, तर स्क्रूचे डोकेच तुटेल! म्हणून मेस्त्री त्यावर पातळ तेल सोडून रात्रभर थांबतो. केशाकर्षणाने तेल बारीक फटींत शिरते. मग हलकेच ठोकून, थोडे आवळत, थोडे सैल करत तो स्क्रू सोडवतो. नव्या स्क्रूच्या आट्यांना मात्र आधीच ग्रीस लावा. पाणी पोचले नाही, तर गंज येईल कुठून?