व्हॉल्व्ह घेताना काय पाहाल?

अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह गेला, की आधी पाहायचा तो त्यावरचा क्रमांक. अमेरिकी १२एएक्स७ आणि युरोपीय ईसीसी८३ हा एकच व्हॉल्व्ह. त्याच नऊ पिनांच्या सॉकेटात बसणारा १२एयू७ मात्र वेगळा: पहिल्याचा वर्धनांक १००, दुसऱ्याचा जेमतेम २०.

मग काच निरखावी. आतला चकचकीत रुपेरी थर बेरियमचा असतो; तो उरलासुरला वायू शोषून निर्वात पोकळी टिकवतो. थर पांढरा पडला म्हणजे हवा आत शिरली. असा व्हॉल्व्ह फुकटही नको.

नावावर भुलू नये. ब्रिटनच्या ब्लॅकबर्न कारखान्यातल्या जुन्या मुलार्डला संग्राहक भरपूर पैसे मोजतात. पण त्याच नावाचे नवे व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्हमध्ये बनतात. छापील अक्षरे तर कुणीही उमटवू शकतो. जुन्या जर्मन टेलिफुंकेनच्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच चौकटीच्या आकाराची खूण असते.

ईएल३४सारखे पॉवर व्हॉल्व्ह जुळवलेल्या जोडीनेच घ्यावेत. जोडी बदलल्यावर बायस तपासावा लागतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे, कारण प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.