सामाजिक न्याय : अभ्यासाचाही विषय

बारावीनंतर मुलाने वा मुलीने समाजकार्याची पदवी घ्यायची इच्छा बोलून दाखवली की अनेक ख्रिस्ती घरांत प्रश्न उमटतो, ‘सेवा करायला पदवी कशाला?’ प्रश्न स्वाभाविक आहे, कारण सेवेचा वसा आपल्याला घरातून व धर्मग्रामातून मिळालेला असतो. परंतु दया आणि न्याय ह्या एकच गोष्ट नव्हेत. दया तहानलेल्याला पाणी देते. न्याय त्याची विहीर का नासली हे विचारतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी चांगल्या मनाला अनेक विद्याशाखांची जोड लागते.

आपल्या वसईचेच उदाहरण घेऊ. गेल्या शतकाच्या अखेरीस वाढत्या नागरी वस्तीसाठी येथील विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध जनआंदोलन उभारले. हा प्रश्न एका विषयात मावणारा नव्हता. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा अतिउपसा झाला की जमिनीखालून समुद्राचे खारे पाणी आत सरकते, हे भूजलशास्त्र सांगते. नफा कोणाचा आणि करपलेल्या वाडीचा तोटा कोणाचा, हा हिशेब अर्थशास्त्र मांडते. १८८२ च्या कायद्याने जमीनमालकाला जमिनीखालील पाण्याचा हक्क दिला, तर महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने त्यावर नियंत्रणाची तरतूद केली, हे विधिशास्त्रातून कळते. हंडा घेऊन दूरवर कोणाला चालावे लागते आणि ग्रामसभेत कोणाचा आवाज पोहोचत नाही, हे समाजशास्त्र दाखवते. पाणी विकणारा आणि विहीर खारट झालेला शेतकरी एकाच मिस्साला येत असतील, तर नीतिशास्त्रही दूर राहू शकत नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात ह्या विद्या एकत्र येतात. मुंबईत १९३६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेची मुहूर्तमेढ रोवली गेली. १९५५ साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ ह्या संघाच्या धर्मभगिनींनी निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. ह्या शिक्षणात वर्गातील अध्ययनाइतकेच क्षेत्रकार्याला महत्त्व असते. विद्यार्थ्याला वस्तीत, रुग्णालयात वा संस्थेत जाऊन मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. पुस्तकातील सिद्धान्त तेथे कसाला लागतो.

ख्रिस्तसभेला ही दृष्टी परकी नाही. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’मध्ये कामगारांच्या वेतनाचा प्रश्न न्यायाचा मानला. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’मध्ये पर्यावरण व दारिद्र्य ही एकाच संकटाची दोन अंगे असल्याचे सांगितले. पुढे ‘वेरितातिस गौदियुम’ ह्या प्रेषितीय संविधानात त्यांनी ख्रिस्तसभेच्या विद्यापीठांनाही विद्याशाखांमधील भिंती ओलांडण्याचे आवाहन केले.

पालकांनी अभ्यासक्रम निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात : त्यात कायदा व अर्थशास्त्राला स्थान आहे का, आणि क्षेत्रकार्य खरोखर करवून घेतले जाते का. वेतनाचा प्रश्नही जरूर विचारावा. मात्र आपल्या धर्मग्रामाला डॉक्टर व अभियंत्यांइतकीच अन्यायाचे मूळ शोधू शकणाऱ्यांची गरज आहे, हे ध्यानी ठेवून मुलांच्या इच्छेचा विचार व्हावा.