वारसा राखणारांचें शिक्षण

वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'क्युरेटर' म्हणतों तो, नेमकें काय करतो, असा प्रश्न सुशिक्षित घरांत विचारला, तरी बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळेल कीं, तो किल्ल्यांचा जुडगा संभाळतो आणि कांचेच्या कपाटांवर धूळ बसूं देत नाहीं. मुलांच्या भवितव्याची चर्चा चालली असतां डॉक्टर, वकील, इंजिनिअर, संगणकतज्ज्ञ हे शब्द सहज उच्चारले जातात. अभिरक्षक हा शब्द त्या चर्चेंत क्वचितच येतो. आणि या कामांत शिरलेल्या माणसाला पुढें शिकण्यासाठीं देशांत व परदेशांत वृत्त्या मिळतात, ही गोष्ट तर फारच थोड्यांच्या कानीं गेलेली असते. या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे. आणि त्यासाठीं मुंबई-पुण्याऐवजीं एका खेड्यापासून आरंभ करणें आम्हांस अधिक इष्ट वाटतें.

शिरूर तालुक्याच्या उत्तर भागांत कवठे येमाई हें गांव आहे. येमाईचें देऊळ हें गांवाचें भूषण, आणि गांवाच्या नांवांतही तीच देवी वसलेली आहे. जवळच टाकळी हाजी येथें कुकडी नदीनें काळ्या खडकांत कोरलेले रांजणखळगे आहेत. पलीकडच्या तीरावर निघोज. निसर्गाचें तें कोरीव काम पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु याच तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं जें मानवी हातांचें काम सांपडलें, तें तेथल्याच किती लोकांनीं पाहिलें असेल?

इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं उत्खनन केलें. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी हीं नांवें त्या कामाशीं कायमचीं जोडलेलीं आहेत. इ. स. पूर्वी सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वसति होती, असें त्यावरून सिद्ध झालें. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पांच खोल्यांचें एक घर गांवच्या प्रमुखाचें असावें, असा तर्क झाला. मृत बालकांना दोन घटांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालींच पुरीत असत. चार पायांच्या एका मातीच्या रांजणांत तर बसलेल्या स्थितींतील मनुष्याचा सांगाडा मिळाला. एका मातीच्या डबींत मस्तक नसलेली देवीची लहानशी मूर्ति होती. येमाईच्या तालुक्यांत तीन हजार वर्षांपूर्वीही कोणी गृहिणी घरांत देवी जपून ठेवीत होती, हा विचार कोणाच्याही मनाला स्पर्श केल्याविना राहणार नाहीं.

या शोधामागें एक शिक्षण होतें, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. हसमुख धीरजलाल सांकळिया हे १९३० नंतरच्या दशकांत लंडनला शिकावयास गेले. तेथें ग्रंथालयांत बसून प्रबंध लिहिला, एवढ्यानें ते थांबले नाहींत. मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखालीं मेडन कॅसल येथील उत्खननांत त्यांनीं प्रत्यक्ष काम केलें. १९३९ मध्यें ते डेक्कन कॉलेजांत आले आणि पुढें त्यांच्याभोंवतीं विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली. इंग्लंडांतील एका टेकडीवर थर कसे वाचावे हें जें शिकलें गेलें, तें तीस वर्षांनीं घोडनदीच्या कांठीं उपयोगास आलें. प्रशिक्षणावर केलेला खर्च कोठें व केव्हां फळेल, हें सांगतां येत नाहीं. परंतु तो फळतो, याचा हा पुरावा होय.

अभिरक्षकाचें काम

उत्खनन संपलें म्हणजे अभिरक्षकाचें काम सुरू होतें. प्रत्येक वस्तूला क्रमांक देणें, ती कोठून व कशी आली याची नोंद ठेवणें, तिला वाळवी, कसर, ओल व प्रकाश यांपासून जपणें, आणि अखेर ती पाहणाऱ्याला समजेल अशा रीतीनें मांडणें, अशीं हीं चार कामें आहेत. पहिलीं तीन नीट झालीं नाहींत, तर चौथें व्यर्थ होतें. नोंद हरवलेली मूर्ति म्हणजे नांवगांव विसरलेलें माणूस.

यांतील कांहीं गोष्टी आमच्या वाचकभगिनींना घरांतील अनुभवावरून चटकन् पटतील. पितळेचीं उपकरणीं चिंचेनें लखलखीत करणें हें आपल्याकडे सुगृहिणीचें लक्षण. परंतु जुन्या धातुमूर्तीवर तोच प्रयोग वर्षानुवर्षें केला, तर तिच्यावरील सूक्ष्म लेख व नक्षी झिजून जाते. फाटलेल्या पोथीला चिकटपट्टी लावणें हें मायेनें केलेलें काम. परंतु त्या पट्टीचा चिकटा कांहीं वर्षांत कागदांत उतरून त्यावर पिवळे डाग पाडतो, आणि मग ती काढणें हें मूळ फाटण्याहून अवघड होऊन बसतें. पैठणीसारखें वस्त्र किंवा जलरंगांतील चित्र उजेडांत सतत ठेवलें, तर रंग उडतो. म्हणून अशा वस्तूंवरील प्रकाश पन्नास लक्सच्या आसपास, म्हणजे संधिप्रकाशासारखा मंद, ठेवावा असा नियम आहे. हें सर्व सद्भावनेनें आपोआप कळत नाहीं. तें शिकावें लागतें. आणि शास्त्र पुढें जात असल्यामुळें पुनःपुन्हा शिकावें लागतें.

आपल्या महाराष्ट्रांत संग्रह निर्माण करणाऱ्या थोर पुरुषांची उणीव कधींच नव्हती. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं चष्म्याचें दुकान चालवीत आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें आणि दरवाजे गोळा केले, दिवंगत पुत्र राजा याचें नांव त्या संग्रहाला दिलें, आणि सुमारें वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ मध्यें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ मध्यें यमाईच्याच डोंगरावर भवानी वस्तुसंग्रहालय उभारलें. रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंत तेथें काय नाहीं? पुढें १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें, परंतु संग्रह राहिला. एका माणसाचें वेड संग्रह उभा करूं शकतें, हें खरें. परंतु तो माणूस गेल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या पिढींत तो टिकविण्यास वेड पुरत नाहीं, विद्या लागते.

पैसा कोण देतें?

विद्येला आश्रय देण्याची परंपरा आपल्यांत आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं १९१३ मध्यें भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस जाण्यासाठीं वृत्ति दिली, हें सर्वश्रुत आहे. त्याच राजानें आपल्या राजधानींत वस्तुसंग्रहालय व चित्रशाळा उभारली, आणि ग्रंथालयांची व्यवस्था शिकविण्यास १९१० मध्यें अमेरिकेहून बोर्डन नांवाच्या तज्ज्ञाला बोलावून आणलें. संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग बडोद्याच्या विद्यापीठांत १९५२ मध्यें निघाला, तो अशाच भूमींत.

आज स्वदेशांत या शिक्षणाचीं कांहीं ठिकाणें आहेत. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जें १९२२ मध्यें प्रिन्स ऑफ वेल्स या नांवानें खुलें झालें, तें आतां संग्रहालयशास्त्र व कलासंवर्धन यांचा पदव्युत्तर पदविकाक्रम चालवितें. लखनौ येथें १९७६ मध्यें स्थापन झालेली राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा कार्यरत संग्रहालयकर्मींसाठीं शिक्षणवर्ग घेते. केंद्र सरकारच्या संस्कृति मंत्रालयानेंही अशा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीं अनुदानाची योजना आंखलेली आहे.

परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं चार दारें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम. तो २००६ मध्यें सुरू झाला. निरनिराळ्या देशांतील कामावर असलेल्या संग्रहालयकर्मींना कांहीं आठवडे तेथें बोलावून लंडनमध्यें व इंग्लंडांतील अन्य संग्रहालयांत प्रत्यक्ष काम दाखविण्यांत येतें. दुसरें, चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट. कलकत्त्यास व्यापारांत संपत्ति मिळवून १९१६ मध्यें दिवंगत झालेल्या एका इंग्रज गृहस्थाच्या मृत्युपत्रांतून आलेला हा निधि १९८१ पासून भारतीय कलावंत, अभ्यासक व वारसासंवर्धक यांना ब्रिटनमध्यें शिकण्यास साहाय्य करीत आला आहे. तिसरें, फुलब्राइट-नेहरू वृत्ति. पदव्युत्तर शिक्षणासाठीं तिनें नेमलेल्या विषयांत वारसासंवर्धन व संग्रहालयशास्त्र यांना स्थान मिळालेलें आहे. चौथें, रोम येथील ईक्रॉम. ही संस्था स्थापण्याचा ठराव युनेस्कोच्या १९५६ सालच्या नवी दिल्ली येथील अधिवेशनांत झाला होता, हें आपल्याला अभिमानास्पद आहे. तिची 'रि-ऑर्ग' नांवाची एक पद्धति तर मुद्दाम लहान संग्रहालयांकरितां आहे: पैसा नाहीं, माणसें थोडीं, वस्तु मात्र कोठीच्या खोलींत एकावर एक रचलेल्या, अशा स्थितींतून पायरीपायरीनें वाट कशी काढावी, हें तींत शिकवितात.

अशा देवाणघेवाणीचें फळ मुंबईकरांनीं पाहिलेंही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें मुंबईच्या संग्रहालयांत ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्यानें 'भारत आणि विश्व' हें प्रदर्शन भरलें. जगाच्या इतिहासांत भारताच्या वस्तु समोरासमोर ठेवून पाहण्याची ती संधि होती, आणि तिच्या मागें दोन्ही देशांच्या अभिरक्षकांनीं बरोबरीनें केलेलें काम होतें.

दार उघडें, परंतु उंबरठा उंच

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मग अडचण ती कसली? अडचण अशी कीं, या वृत्त्या मागणाऱ्याला इंग्रजीत आपलें काम मांडतां यावें लागतें, दोन जाणत्या माणसांचीं शिफारसपत्रें लागतात, आणि बहुधा कांहीं वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थेच्या माणसाला हें सुलभ आहे. जेथें एकच माणूस नोंदवही लिहितो, तिकिटें फाडतो आणि सायंकाळीं कुलूपही लावतो, त्याला सहा आठवडे सोडावयाचें कोणी? त्याच्या जागीं बसावयाचें कोणी? वृत्ति भाडें देईल, भोजन देईल. परंतु बंद पडलेलें दार उघडें ठेवण्याची तरतूद तींत नसते. म्हणूनच ज्यांना शिक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच तें सर्वांत दुर्लभ होतें.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो कीं, शिकलेला माणूस खेड्याकडे परत येत नाहीं. हा आक्षेप अगदींच निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परत येऊन त्यानें बसावें कोठें, याचा विचार आक्षेप घेणारे करीत नाहींत. इनामगांवच्या वस्तु पुण्यास नीट जतन झाल्या, हें योग्यच झालें. त्या वेळीं दुसरा मार्ग नव्हता. तथापि शिरूर तालुक्यांतील शाळेच्या मुलानें आपल्याच नदीकांठची देवी पाहण्यासाठीं पुण्यास यावें लागणें, हें कायमचें असूं नये. प्रतिकृति, छायाचित्रें, नकाशे आणि मराठींत समजावून सांगणारा एक शिकलेला माणूस, एवढ्यानेंही तालुक्याच्या गांवीं एका खोलींत मोठें काम होईल. मुंबईच्या संग्रहालयानें २०१५ पासून 'म्युझियम ऑन व्हील्स' ही गाडी शाळाशाळांतून व खेड्यांतून फिरविली. संग्रहालय चालत जाऊं शकतें, हें तिनें दाखविलें आहे. तें मुक्कामालाही राहूं शकतें.

आपण काय करावें?

प्रथम, आपल्या घरांतील मुलामुलींना हा मार्ग आहे, एवढें तरी सांगावें. इतिहास, संस्कृत, मोडी, रसायन किंवा चित्रकला यांची आवड असलेल्या मुलीला 'यांत पुढें काय?' असें विचारून गप्प करण्यापूर्वीं, वरील दारांपैकीं एखाद्याची चौकशी करावी. मोडी वाचतां येणारा आणि रसायन जाणणारा तरुण कोणत्याही संग्रहालयाला रत्नासारखा वाटेल.

दुसरें, ज्या घरांत जुन्या पोथ्या, दप्तरें, देव्हाऱ्यांतील टांक आहेत, त्यांनीं त्यांची यादी करावी: वस्तु काय, कोणाकडून आली, कोणत्या सालीं, कोणत्या गांवाहून. यादी हीच अभिरक्षणाची पहिली पायरी असून तिला कोणाचीही वृत्ति लागत नाहीं. घर मोडतांना ट्रंका रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्याआधीं ती यादी एखाद्या संशोधनसंस्थेस दाखवावी.

तिसरी गोष्ट पैशाची. शंभर कुटुंबांनीं दरमहा शंभर रुपये बाजूला काढले, तर महिन्याला दहा हजार व वर्षाला एक लाख वीस हजार रुपये होतात. एवढ्यांत एका लहान संग्रहालयाच्या एका माणसाला दरमहा वीस हजारांप्रमाणें सहा महिने शिकावयास पाठवितां येईल, किंवा तो मोठ्या वृत्तीवर गेला असतां त्याच्या जागीं बदली माणूस नेमतां येईल. दुसरा उपयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कारण शिक्षणाला पैसा देणारे मोठे निधि आहेत, शिकावयास जाणाराची जागा राखणारा निधि मात्र नाहीं असें म्हटलें तरी चालेल. गणेशोत्सवाला, पारायणाला, शाळेच्या इमारतीला वर्गणी देणाऱ्या आपल्या समाजास हा भार अवजड नाहीं.

कवठे येमाईच्या देवळांत दिवा लावणारा पुजारी आपलें काम वडिलांकडून शिकतो. वस्तु राखणाराचें काम घराण्यांतून चालत येत नाहीं. तें प्रत्येक पिढीनें नव्यानें शिकवावें लागतें, आणि तें शिकविण्याचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो. राजांनीं तो एके काळीं उचलला, परदेशस्थ दात्यांनीं आजवर उचलला. आतां त्यांतील थोडा वांटा आपल्या घरांनीं उचलण्याची वेळ आली आहे, असें आमचें विचारपूर्वक मत आहे.