तिकीट खिडकीपासून दुरावलेला प्रेक्षक

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भोजनानंतर जुन्या आठवणी निघाल्या. १९९० च्या सुमारास वसतिगृहात राहिलेल्या एका विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष कबुली दिली, की रविवारी अधीक्षकांची नजर चुकवून तो भिंतीवरून उडी मारून टॉकीजला जात असे. हशा ओसरल्यावर तोच म्हणाला, ‘‘सर, त्या टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.’’ शेजारी दहावीत शिकणारा एक मुलगा बसला होता. चित्रपटगृहात शेवटचा चित्रपट कधी पाहिलास, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘थिएटरात अजून गेलोच नाही सर, पण सिनेमे पुष्कळ पाहिलेत.’’

या दोन उत्तरांत सारा विषय सामावलेला आहे. लोकांची चित्रपटाची आवड कमी झालेली नाही. त्यांचे चित्रपटगृहात जाणे कमी झाले आहे. ऑरमॅक्स मीडिया या संस्थेच्या अहवालांनुसार २०१९ साली देशात सुमारे १०३ कोटी तिकिटे विकली गेली. २०२४ साली हा आकडा सुमारे ८८ कोटींवर आला. मात्र याच काळात तिकीट विक्रीचे उत्पन्न सुमारे १० हजार ९०० कोटी रुपयांवरून ११ हजार ८०० कोटींच्या वर गेले. प्रेक्षक घटले आणि गल्ला वाढला. याचा अर्थ सरळ आहे : थोडे लोक जास्त पैसे देऊन चित्रपट पाहत आहेत आणि ज्यांना ते परवडत नाही, ते बाहेर राहिले आहेत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे आरंभीचा काळ आठवतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा तिकीट एक रुपया होते. तो साहेब लोकांचा आणि धनिकांचा खेळ होता. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात हे खेळ होऊ लागले आणि चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यात आले. चित्रपट सर्वसामान्यांचा झाला तो या चार आण्यांच्या तिकिटामुळे. पुढे गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर यांनी पुढच्या रांगा भरल्या आणि जत्रेतल्या तंबूंनी चित्रपट गावोगाव नेला.

चित्रपटगृहात समता नांदत होती, असे मी म्हणणार नाही. बाल्कनी वर होती आणि थर्ड क्लास पडद्याला चिकटून होता. पण ही विषमता खिशाची होती. ज्या गावात पाणवठा वेगळा आणि हॉटेलातली कपबशी वेगळी, त्या गावच्या माणसाला शहरातील टॉकीजच्या अंधारात शेजारच्याची जात दिसत नसे, हे लहान सुख नव्हते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचाही उल्लेख आहे. तेथील प्रवेशास जातीच्या कारणाने कोणालाही अटकाव करता येत नाही. करमणुकीची जागा हीसुद्धा नागरिकत्वाची जागा आहे, ही दृष्टी त्यामागे आहे.

मग प्रेक्षक दुरावला कसा? हे एका दिवसात घडले नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे रविवारचा चित्रपट घरात आला. १९८२ पासून रंगीत दूरचित्रवाणी, पाठोपाठ व्हिडिओ आणि १९९० नंतर केबल आली. तरीही टॉकीज तग धरून होत्या. खरा घाव अर्थकारणाचा बसला. शहरे वाढली तशी टॉकीजच्या जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट झाली. हजारभर खुर्च्यांचे सभागृह रोज भरेना. डागडुजीला पैसा उरेना. खुर्च्या मोडक्या म्हणून कुटुंबे येईनात आणि कुटुंबे येत नाहीत म्हणून डागडुजी होईना. या फेऱ्यात अनेक टॉकीज बंद पडल्या. त्यांच्या जागी दुकाने, निवासी संकुले आणि मंगल कार्यालये उभी राहिली.

याच सुमारास मल्टिप्लेक्स आले. २००१ साली राज्य शासनाने त्यांना आरंभीच्या वर्षांसाठी करमणूक करात सवलत दिली. तेथे स्वच्छता, उत्तम आवाज आणि सुरक्षितता मिळाली, हे मान्य केले पाहिजे. एकटीदुकटी स्त्री निर्धास्तपणे चित्रपट पाहू लागली, हेही मोठे काम झाले. परंतु मल्टिप्लेक्स मॉलमध्ये आले आणि मॉल मोठ्या शहरात. पुढच्या रांगेचे स्वस्त तिकीट जवळपास नाहीसे झाले. तालुक्याच्या गावातून चौघांचे कुटुंब तेथे जायचे म्हटले, तर तिकिटे, प्रवास आणि मध्यंतरातले खाणे मिळून हजार रुपयांत सहसा भागत नाही. शेतमजुराच्या घरी ही दोन-तीन दिवसांची मजुरी असते. दारावर त्याला कोणी अडवत नाही. तो दारापर्यंत पोहोचतच नाही.

२०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे चित्रपटगृहे बंद झाली आणि घरी पाहण्याची सवय पक्की झाली. आता बहुतेक हिंदी चित्रपट सुमारे आठ आठवड्यांत ओटीटीवर येतात. ‘थोडे थांबू, घरीच पाहू’ हा विचार काटकसरी माणसाला सहज पटतो. पूर्वी एकाच टॉकीजमध्ये पंचवीस आठवडे चालणारा चित्रपट हळूहळू प्रेक्षक जमवीत असे. आता पहिल्या तीन दिवसांत त्याचे भवितव्य ठरते. कमी खर्चाच्या मराठी चित्रपटाला तेवढी उसंतही मिळत नाही.

तरीही लोकांना बोलावणे आले की लोक जातात. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने ते दाखवून दिले. खेड्यापाड्यांतून माणसे लोटली आणि काही ठिकाणी मध्यरात्रीही खेळ लावावे लागले. आपले जगणे, आपली बोली आणि आपली जखम पडद्यावर दिसते म्हटल्यावर अंतर आणि तिकीट दोन्ही आड आले नाहीत. उलट २०२१ चा ‘जय भीम’ हा तमिळ चित्रपट थेट ओटीटीवर आला. पोलीस कोठडीत बळी गेलेल्या आदिवासीची ती कथा आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर पाहिली. चित्रपटगृहाने दिले नसते ते मोबाइलने दिले, हे खरे. पण प्रत्येकाने ती एकट्याने, कानात यंत्र घालून पाहिली. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले ते शेजाऱ्याला कळले नाही आणि शेवटी सगळे मिळून स्तब्ध झाले, असेही घडले नाही. अन्यायाची जाणीव एकट्याला होते. मात्र तिचे सामर्थ्य चारचौघांत वाढते.

बंद पडलेल्या टॉकीज पुन्हा उघडणे आपल्या हाती नाही. पण आपल्या शाळेला सभागृह आहे, पडदा आहे आणि प्रक्षेपकही आहे. रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एकदा एखादा चांगला चित्रपट दाखवता येईल. विद्यार्थी, पालक आणि वस्तीतील माणसे एकत्र बसतील. नंतर अर्धा तास चर्चा होईल. माजी विद्यार्थ्यांनी एवढा भार उचलावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या खेळाला भिंतीवरून उडी मारणाऱ्या त्या विद्यार्थ्याने अवश्य यावे. या वेळी त्याला फाटकातून येता येईल.